सोबत पेन ड्राइव्ह पाठवत आहे

ती. आई व बाबा यांस,
सा. न. वि. वि.

मामांच्या हाती निळा पेन ड्राइव्ह पाठवत आहे. दुरुस्तीहून आलेल्या लॅपटॉपवर विंडोज ११ नव्याने घातल्यापासून वायफायचे चिन्हच दिसत नाही, हे बाबांनी सांगितल्यापासून मला चैन नाही. आईला नातीचे तोंड दर रविवारी त्याच पडद्यावर दिसते. लॅपटॉप बिघडलेला नाही. वायफायचे कार्ड जागेवर आहे, परंतु ते चालवणारा ड्रायव्हर, म्हणजे छोटा प्रोग्राम, विंडोजमध्ये नाही, आणि तो आपोआप उतरवून घ्यायला आधी वायफायच हवे.

बाबा, तुम्ही परवा 'हार्डवेअर आयडीज'मधले, म्हणजे कार्डाच्या ओळखक्रमांकातले, एकेक अक्षर न कंटाळता वाचून दाखवलेत, म्हणून नेमका ड्रायव्हर सापडला. त्यातले 'व्हीईएन' म्हणजे कार्ड बनवणारी कंपनी, आणि ८०८६ हा इंटेलचा क्रमांक. १९७८ साली आलेल्या त्यांच्या प्रोसेसरचे नावही हेच होते. 'डीईव्ही'पुढची चार अक्षरे कार्डाचा प्रकार सांगतात. ती जुळवून मी इंटेलच्याच संकेतस्थळावरून ड्रायव्हर घेतला आहे. सगळे ड्रायव्हर एकत्र भरून कोणी सीडी देऊ केली, तर कृपया घेऊ नका. त्यात आणखी काय भरलेले असेल, याची खात्री नसते.

पेन ड्राइव्हमधला 'वायफाय' फोल्डर आधी डेस्कटॉपवर कॉपी करावा. मग स्टार्टच्या चिन्हावर उजवे क्लिक करून 'डिव्हाइस मॅनेजर' उघडलेत, की पिवळ्या त्रिकोणात उद्गारचिन्ह असलेला 'नेटवर्क कंट्रोलर' दिसेल. त्यावर उजवे क्लिक करून 'अपडेट ड्रायव्हर' निवडा आणि पुढे येणाऱ्या दोन पर्यायांपैकी खालचा, 'ब्राउझ माय कॉम्प्युटर फॉर ड्रायव्हर्स', घेऊन तो फोल्डर दाखवा. 'इन्क्लूड सबफोल्डर्स'च्या चौकटीत खूण असू द्या. ड्रायव्हरची झिप, म्हणजे आवळून बांधलेली फाइल, मी आधीच सोडवून ठेवली आहे. ड्रायव्हर कसा बसवायचा हे सांगणारी आतली 'आयएनएफ' फाइल विंडोज स्वतः वाचते, आणि 'कॅट' फाइलमधल्या डिजिटल सहीवरून बाकीच्या फाइली मुळाबरहुकूम आहेत की नाहीत हे पडताळते. म्हणून आतले काही पुसू किंवा बदलू नये.

वायफाय सुरू झाले, की आवाजाचा ड्रायव्हर बहुधा विंडोज अपडेटमधून येईल. गणपतीला आले, की विंडोजमधल्याच 'पीएनपी यूटिल' या साधनाने सगळे ड्रायव्हर याच पेन ड्राइव्हवर उतरवून ठेवीन. तोवर तो देव्हाऱ्याखालच्या खणात असू द्या.

आशीर्वाद असावा.

तुमची लेक