‘मोलकरणीचा गुडघा’ हे नाव छापू नये

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या आरोग्यविषयक सदरात अलीकडे गुडघ्याच्या वाटीवर येणाऱ्या सुजेची माहिती आली होती. तीत या दुखण्याचे जुने इंग्रजी नाव ‘हाउसमेड्स नी’ देऊन त्याचे ‘मोलकरणीचा गुडघा’ असे शब्दशः मराठी केले होते. माहिती चांगली होती. परंतु ते पान आमच्या स्वयंपाकघरात उघडे असताना, गेली अकरा वर्षे आमच्याकडे झाडू-पोछ्याला येणाऱ्या, मूळच्या बुऱ्हाणपूरकडच्या बाईंनी ते वाचले आणि मला विचारले, “काकू, दुखण्याला आमचं नाव का दिलंय?” मला त्यांना नीट उत्तर देता आले नाही, म्हणून हे पत्र.

या नावाचा उगम सरळ आहे. एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडमध्ये घरकामाला ठेवलेल्या मुली दगडी पायऱ्या आणि फरश्या ब्रशने घासत, आणि त्यासाठी रोज तासन्‌तास गुडघ्यांवर असत. गुडघ्याची वाटी आणि तिच्यावरची कातडी यांच्यामध्ये एक पातळ पिशवी असते, तिला वैद्यकात बर्सा म्हणतात. तिच्यातील थोड्याशा द्रवामुळे कातडी हाडावरून सहज सरकते. वाटीवर वारंवार दाब आणि घर्षण आले की ही पिशवी दुखावते, तिच्यात द्रव साठतो आणि गुडघ्याच्या पुढच्या बाजूला मऊ फुगवटा दिसू लागतो. डॉक्टर याला प्रीपटेलर बर्सायटिस म्हणतात. उकिडवे बसून पोछा मारताना वाटीवर असा दाब येत नाही. तो येतो पलंगाखाली, सोफ्याखाली, ओट्याच्या कोपऱ्यात हात पोहोचावा म्हणून दोन्ही गुडघे फरशीवर टेकून पुढे वाकावे लागते तेव्हा. आमच्या घरात असे चार कोपरे आहेत, हे मी मागच्या पावसाळ्यापर्यंत कधी मोजले नव्हते.

त्या पावसाळ्यात बाईंच्या उजव्या गुडघ्यावर लिंबाएवढी सूज आली. मी ‘वात असेल’ म्हणून तिळाचे तेल चोळायला दिले आणि गरम शेक घ्यायला सांगितले. पाच घरची कामे असल्याने त्या थांबल्या नाहीत. पुढे फुटक्या फरशीच्या कडेने त्याच गुडघ्याला खरचटले, दोन दिवसांत कातडी लाल आणि गरम झाली, ताप चढला. डॉक्टरांनी सुईने द्रव काढून तपासणीला पाठवला, प्रतिजैविके सुरू केली आणि मग विचारले, “गुडघे टेकून कोणते काम करता?” अकरा वर्षांत हा प्रश्न मला सुचला नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

डॉक्टरांनी नंतर जे समजावले ते आपल्या वाचकांपर्यंत जावे असे वाटते. ही सूज सांध्याच्या बाहेर असते. म्हणून गुडघा हलतो, मात्र पूर्ण दुमडताना आणि टेकताना दुखतो. संधिवातात बिघाड सांध्याच्या आत असतो. जंतुसंसर्ग नसेल तर गुडघे टेकणे थांबवणे, विश्रांती आणि गार शेक एवढ्यानेही बहुतेक वेळा काही आठवड्यांत सूज उतरते. परंतु कातडीवर एरवीही असणारे स्टॅफिलोकोकस जातीचे जंतू खरचटल्या जागेतून आत गेले तर पिशवीत पू होतो आणि मग घरगुती उपायांत घालवलेला प्रत्येक दिवस महागात पडतो. मधुमेह असलेल्यांनी तर अजिबात थांबू नये.

आता नावाविषयी. हे दुखणे केवळ घरकाम करणाऱ्या स्त्रियांचे नाही. ठेंगण्या कोळसाखाणीत गुडघ्यांवर राहून खोदणाऱ्या ब्रिटिश कामगारांना ते होई. त्याला ‘बीट नी’ म्हणत आणि ब्रिटनच्या भरपाईपात्र औद्योगिक आजारांच्या यादीत त्याची नोंद आहे. पाठ ताठ ठेवून, गुडघे टेकून प्रार्थना करणाऱ्या पाद्र्यांच्या वाटीच्या थोडे खाली अशीच सूज येते, तिला त्यांचे नाव मिळाले. आपल्या इंदूरमध्ये सुपर कॉरिडॉरकडे आणि बायपासच्या बाजूला उभ्या राहणाऱ्या इमारतींत टाइल्स बसवणारे कारागीर दिवसभर ज्या स्थितीत असतात, ती पाहिली तर या दुखण्याला एकाच व्यवसायाचे नाव देणे किती अपुरे आहे हे कळते. शिवाय ‘मोलकरीण’ हा शब्द आज त्या कामाचा मान राखत नाही. आपल्याकडे गुडघ्याची ‘वाटी’ हा शब्द घरोघरी आहे. तेव्हा ‘वाटीवरची सूज’ असे म्हणावे आणि शक्य तेथे ‘गुडघे टेकून काम केल्याने येणारी’ हे शब्द पुढे जोडावेत. वाचणाऱ्याला दुखण्याची जागाही कळेल आणि कारणही.

स्वच्छ सर्वेक्षणात 2017 पासून सलग अनेक वर्षे पहिल्या आलेल्या या शहराचा मला अभिमान आहे. ज्यांच्या हातांनी आपली घरे स्वच्छ राहतात त्यांना लांब दांड्याचा पोछा, कोपऱ्यांसाठी गुडघ्याखाली घ्यायला जाड फोमची गादी आणि सूज आल्यास पगार न कापता आठवड्याची सुट्टी एवढे देणे बहुतेक घरांना सहज परवडते. आमच्याकडे आता पलंग भिंतीपासून हातभर पुढे घेतला आहे. ठेकेदारांनीही टाइल्सच्या कारागिरांना गुडघ्याचे पॅड द्यावेत. त्यांची किंमत एका चांगल्या टाइलच्या खोक्यापेक्षा जास्त नसते.

आपल्या सदरात एखाद्या अस्थिरोगतज्ज्ञाकडून या सुजेत डॉक्टरकडे कधी धाव घ्यावी, एवढ्यापुरताच एक छोटा मजकूर सोप्या भाषेत आणि मोठ्या अक्षरांत द्यावा, ही विनंती. तो कापून स्वयंपाकघराच्या दारावर लावण्याची आमच्या बाईंची इच्छा आहे; त्यांच्या ओळखीतल्या आणखी दोघींच्या गुडघ्यांवर अशीच सूज आहे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका,
इंदूर