भज्जी म्हणजे मिक्स व्हेज नव्हे

महोदय,

आपल्या पुरवणीत वेळ अमावस्येनिमित्त, म्हणजे शेतात पूजा करण्याच्या सणानिमित्त, छापलेली भज्जीची (हिरवे दाणे, पालेभाज्या आणि ताक-बेसन यांच्या भाजीची) कृती वाचली. कांदा-टोमॅटोची पेस्ट, फ्रोजन मटार, गरम मसाला आणि शेवटी 'आवडीनुसार दही'. पदार्थ चवीला बरा होईलही, पण लातूर-धाराशिवकडे त्याला कुणी भज्जी म्हणणार नाही. नुसता मसाला चुकला असता तर पत्र लिहिले नसते. इथे क्रमच उलटा आहे आणि या पदार्थात सगळे क्रमावर चालते.

वेळ अमावस्येला, म्हणजे मार्गशीर्ष अमावस्येच्या आमच्या येळवशीला, रानात जे उभे असते तेच भज्जीत जाते. तूर शेंगांनी लगडलेली, हरभरा घाट्यावर आलेला, बांधाला बोरे पिकलेली. दहा माणसांसाठी हिरवे तुरीचे दाणे, सोलाणा (हिरवा हरभरा), वाटाणा आणि पावटा प्रत्येकी एक वाटी, रात्री भिजवलेले शेंगदाणे अर्धी वाटी. मेथी, पालक, चुका, हरभऱ्याचे कोवळे शेंडे, कांद्याची आणि लसणाची पात मिळून चिरलेल्या आठ वाट्या. तीन-चार वांगी, दोन गाजरे, मूठभर बोरे. सव्वा वाटी बेसन, तीन वाट्या आंबट ताक किंवा आंबील (ताकात आंबवलेल्या ज्वारीच्या पिठाचे पेय). मसाला म्हणून दोन गड्डे लसूण, जिरे, हळद आणि हिरव्या मिरचीचा ठेचा, बस्स. तेल करडईचे असेल तर उत्तम. पनीर घालणाऱ्यांना आमचा नमस्कार.

आधी सगळे दाणे आणि शेंगदाणे पाच वाट्या पाण्यात उघड्या भांड्यात शिजवावेत. कुकरमध्ये वाटाण्याचा लगदा होतो आणि पावटा तरीही टचटचीत राहतो. तुरीचा दाणा बोटाने सहज चेपला की वांगी, गाजर, मेथी, पालक आणि पात घालावी. चुका, बोरे आणि हरभऱ्याची भाजी सर्वांत शेवटी, कारण या तिन्ही आंबट आहेत. आंबटात दाणा शिजत नाही, तास-तास उकळला तरी मधोमध कडकच राहतो. छापलेल्या कृतीत टोमॅटो सुरुवातीलाच पडतो, तिथेच भज्जी बिघडते.

बेसन ताकात गुठळी न ठेवता कालवून, आच मंद करून, ढवळत धारेने सोडावे. बेसन न घालता ताक थेट उकळत्या भाजीत ओतले तर फाटते. पुढे दहा-बारा मिनिटे झाकण न ठेवता शिजू द्यावे. बेसनाचा कच्चा वास गेल्याशिवाय उतरवू नये. गरम असताना भज्जी थोडी सैलच हवी, कारण निवल्यावर ती बरीच घट्ट होते. लसणाची फोडणी वरून द्यावी.

आंबिलीबद्दल तर त्या लेखात एकच ओळ होती, तीही 'ताकात पीठ मिसळून उकळा' अशी. एक वाटी ज्वारीचे पीठ दोन वाट्या आंबट ताकात आदल्या दिवशी सकाळीच कालवून ठेवावे. थंडीत आंबायला वेळ लागतो, म्हणून भांडे चुलीच्या उबेला ठेवतात. मीठ आधी घालू नये, आंबणे मंदावते. दुसऱ्या दिवशी पाच वाट्या उकळत्या पाण्यात हे मिश्रण सोडून, तकाकी येईपर्यंत ढवळत शिजवावे आणि पूर्ण निवू द्यावे. मगच घुसळलेले ताजे ताक, ठेचलेला लसूण, मीठ, जिरे घालावे. गरम आंबिलीत ताक ओतले की चोथा आणि पाणी वेगळे. कल्हई उडालेल्या पितळेत ती कळकते, म्हणून ती मातीच्या बिंदग्यात नेतात. नवे बिंदगे रात्रभर पाण्यात बुडवून ठेवावे, नाहीतर ते पाझरते.

सोबतच्या उंड्यांसाठी, म्हणजे वाफवलेल्या गोळ्यांसाठी, बाजरी जाडसर आणि त्याच आठवड्यात दळलेली हवी. बाजरीत तेलाचा अंश जास्त असल्याने जुने पीठ कडवट लागते. तीळ, मीठ घालून पीठ गरम पाण्यात मळावे, उंड्याला अंगठ्याने मधे खळगा पाडून वीसेक मिनिटे वाफवावे. खळगा शोभेचा नाही, त्याच्याविना मधला भाग कच्चा राहतो.

आणखी एक दुरुस्ती. हा सण 'फक्त लातूरचा' असे लेखात म्हटले आहे. लातूर जिल्हाच मुळी १९८२ साली उस्मानाबादेतून वेगळा झाला, आणि त्याआधी १९५६ पर्यंत हे सारे बिदर, गुलबर्ग्यासह एकाच हैदराबाद राज्यात होते. त्यामुळे सीमेपलीकडच्या कन्नड मुलखातही याच अमावस्येला शेतात पूजा होते आणि भज्जी शिजते. राज्ये भाषेवर वाटली गेली, रानातला स्वयंपाक नाही.

आमच्या जिल्ह्यातली बोरसुरीची तूरडाळ, पानचिंचोलीची चिंच, कास्ती कोथिंबीर यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्याच्या बातम्या आपण ठळक छापल्या. भज्जीसारख्या पदार्थाला कुठले मानांकन नाही, त्याची नोंद राहते ती छापील कृतीत. दर तालुक्यात त्यात फरक आहे. कुठे चिंचेचा कोळ घालतात, कुठे बेसनाऐवजी ज्वारीचे पीठ लावतात. तेव्हा पुढील वर्षी कृती छापताना ती कोणत्या तालुक्यातली आहे एवढे वर लिहावे, आणि जमल्यास पुरवणी अमावस्येच्या दिवशी न काढता चार दिवस आधी काढावी. आंबील आदल्या दिवशीच लावावी लागते.

एक वाचक, औसा (जि. लातूर)