तिसऱ्या मजल्यावरच्या काकींना, तीन थरांच्या सरबताबद्दल

ती. काकी,
सा. न. वि. वि.

आजीची पंचाहत्तरी होऊन आठवडा उलटला, तरी फॅमिली ग्रुपवर 'त्या तीन रंगांच्या सरबताची कृती टाक ना' हे सुरूच आहे. श्रेय सगळं मला मिळतंय आणि मी तर फक्त ग्लास भरत होते. म्हणून हे पत्र चारचौघांत लिहितेय. ज्यांना कृती हवी आहे त्यांना ती यातच मिळेल आणि ती कुणाची, हेही कळेल.

वेळ सकाळी अकराची ठरली होती. नाश्ता म्हणावा तर उशिराचा, जेवण म्हणावं तर लवकरचं. पोरं त्याला ब्रंच म्हणतात. आंबोळ्या, काळ्या वाटाण्याची उसळ, साबुदाणा वडे असा बेत होता. केटररने त्यावर 'वेलकम ड्रिंक' म्हणून निळं सिरप घातलेला सोडा सुचवला होता. लिफ्टची वाट बघताना मी तुम्हाला सहज सांगितलं, तर तुम्ही म्हणालात, "मे म्हयन्यात घरात आंबो असताना बाटलेतलो निळो रंग कित्याक?" संध्याकाळी स्वतःच्या हाताने केलेल्या अमृत कोकमाची बाटली घेऊन दारात हजर.

ती बाटली उजेडात धरली तरी काळीच दिसत होती. चमचाभर ग्लासात ओतलं तेव्हा कडेला लाल उमटला. कोकमं फोडून बिया काढायच्या, वाट्यांत साखर भरून बरणीत दाबायच्या, बरणीला रोज ऊन दाखवायचं आणि सुटलेला रस गाळून घ्यायचा. गॅस पेटवायचाच नाही, हे तुम्ही दोनदा बजावलंत. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, असं मी मोठ्या कौतुकाने सांगितलं, तर तुम्ही नुसत्या हसलात.

खरी गोष्ट त्यानंतरची. थर कसे लावायचे म्हणून मी मोबाइलवर व्हिडिओ शोधत होते. तुम्ही तो बाजूला ठेवायला लावलात आणि म्हणालात, "गोड ता खाली रवता, पातळ ता वर." एवढंच. बाकी सगळं या एका वाक्यातून आपोआप सुटत गेलं. साखर जितकी जास्त, तितकं सरबत जड, मग रंग कुठलाही असो. भाच्याला हे पटेना, म्हणून त्याने स्वयंपाकघरातला वजनकाटा काढला. शंभर मिली अमृत कोकम १३० ग्रॅमच्या आसपास भरलं, पाणी घालून सैल केलेला आमरस १०५ च्या जवळपास, आणि शहाळ्याचं पाणी जेमतेम १०२. थरांचा क्रम काट्यानेच लावून दिला. आमरस आणि शहाळं यांच्यात फरक इतका थोडा की ओतताना हात जरा जरी जड पडला तरी दोन्ही एक होतात. म्हणून तिथे चमचा उलटा धरून, ग्लासच्या कडेला टेकवून, त्याच्या पाठीवरून धार सोडायची. तुमची धार सुतासारखी पडत होती.

आमरस मी घट्टच ठेवणार होते, हापूसचा म्हणून. तुम्ही तो आधी गाळणीतून काढलात आणि थंड पाणी घालून ताकाइतका पातळ केलात. घट्ट रस गोळ्याने पडतो आणि खालचं कोकम फोडून बसतो, हे तुम्ही एका ग्लासात करून दाखवलंत. तो ग्लास भाच्याने लगेच संपवला. रसात वरून साखर घालायची नाही हेही तुमचंच.

निळा रंग हवाच, हा भाच्याचा हट्ट. त्यावर तुम्ही गच्चीवरच्या गोकर्णीची फुलं खुडून आणलीत, वाटीभर गरम पाण्यात टाकलीत आणि गार झाल्यावर ते पाणी शहाळ्याच्या पाण्यात मिसळलंत. गोकर्णीला स्वतःची चव जवळजवळ नाहीच, त्यामुळे शहाळ्याची चव जागेवर राहिली. पोरांनी वर लिंबू पिळलं की निळ्याचा जांभळा व्हायचा. घरातली लिंबं तिथेच संपली.

एक गोष्ट मात्र ग्रुपवरच्या लोकांना सांगायलाच हवी. हे सगळे थर डोळ्यांसाठी. प्यायचं तर ढवळावंच लागतं, नाहीतर पहिले घोट नुसत्या शहाळ्याचे आणि शेवटचा घोट घशात बसेल इतका गोड. आणि ढवळलं की लाल, पिवळा, निळा मिळून जो रंग होतो तो फोटोत येऊ नये असाच. चव मात्र तेव्हाच लागते: कोकमाचा आंबटपणा, मागून आंबा. माझं विचाराल तर पुढच्या वेळी मी निळा वगळीन. लाल आणि पिवळा मिसळून येणारा केशरीच मला जास्त आवडला.

आजीच्या ग्लासाचा तर मला विचारही सुचला नव्हता. तिला साखर चालत नाही. तिच्यासाठी तुम्ही घरून आगळाची छोटी बाटली आणलीत. आगळ म्हणजे मिठातला कोकमाचा रस, त्यात साखर नसते. दुकानात दोन्ही बाटल्या शेजारी असतात आणि रंगही सारखाच, तेव्हा घेताना लेबल वाचा, बायांनो. मीठही जडच, त्यामुळे आगळसुद्धा तळाशी राहिलं आणि वर भाजलेल्या जिऱ्याची पूड घातलेलं गार पाणी. सगळ्यांसारखा आपल्याही ग्लासात थर आहे, हे बघून आजीने तो ग्लास हातात धरून फोटो काढून घेतला. तो फोटो तुम्हाला पाठवला आहेच.

त्या दिवशी सकाळी तुम्ही आठ वाजताच आलात. कोकम आधीच ग्लासांत ओतून ग्लास फ्रिजमध्ये, रस आणि शहाळं जगांत गार, आणि पाहुणा चपला काढेपर्यंत बर्फाचा चुरा घालून वरचे दोन थर, ही शिस्त तुमची. स्वतःच्या आंबोळ्या तुम्ही सगळ्यात शेवटी, ओट्यापाशी उभ्यानेच खाल्ल्यात. ते मला अजून खटकतंय. पुढच्या वेळी तुम्ही पहिल्या पंगतीला बसायचं आणि धार मी सोडणार.

पावसाआधी गावी जाणार आहात असं कळलं. येताना माझ्यासाठी दोन किलो ओली कोकमं आणाल का? बरणी धुऊन उन्हात वाळवून ठेवली आहे. आणि पैसे घ्यायचेच. 'शेजारधर्म' वगैरे ऐकणार नाही.

तुमची,
चौथ्या मजल्यावरची