एनआयसीयूतल्या (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागातल्या) सिस्टरांना

सिस्टर,

तुमचं नाव मुद्दामच लिहीत नाही, तुम्हाला ते आवडायचं नाही.

हर्निया म्हणजे आजोबा पट्टा बांधायचे तो, एवढीच आमच्या घरची माहिती. त्यामुळे आमच्या बाळाला हर्निया आहे, तिचं लिव्हर उजव्या छातीत चढलंय म्हटल्यावर कुणाला काही सुचेना. डॉक्टरांनी सांगितलं होतं, पण राउंडच्या घाईत. तुम्ही रात्रपाळीला हातमोज्यांच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर चित्र काढलंत. छाती आणि पोटामधला पडदा, म्हणजे डायफ्रॅम, गर्भात तिसऱ्या महिन्यापर्यंत मिटतो. आमच्या लेकीचा उजवीकडे मिटलाच नाही. साधारण 3,000 बाळांत एकाला हा दोष असतो, आणि त्यातही बहुतेकांना डावीकडे. "आईनं काही खाल्लं, काही उचललं म्हणून हे होत नाही," हे तुम्ही माझ्या आईकडे बघून दोनदा म्हणालात. त्याचे आभार बायकोकडून वेगळे.

हे आधी दिसलं कसं नाही म्हणून मामा तर सोनोग्राफीवाल्यावर भडकला होता. पोटातल्या बाळाचं फुप्फुस आणि लिव्हर स्क्रीनवर जवळपास सारखेच करडे दिसतात, हे तुम्हीच त्याला सांगितलंत. डावीकडे जठर वर सरकलं तर त्याचा काळा फुगा चटकन नजरेत येतो. उजवीकडे कलर डॉप्लर (रक्ताचा प्रवाह रंगात दाखवणारी सोनोग्राफी) लावून लिव्हरच्या रक्तवाहिन्या छातीत शोधाव्या लागतात. मामा गप्प बसला. (त्या दिवसापुरता.)

पण खरे आभार मानायचेत ते "ऑपरेशन कधी?" या प्रश्नाला तुम्ही न कंटाळता दिलेल्या उत्तराचे. भोक शिवता येतं, अडचण फुप्फुसाची आहे. ते लहान राहिलंय, त्याच्या रक्तवाहिन्यांत दाब जास्त आहे, तो उतरून बाळ स्थिरावल्याशिवाय टेबलावर घ्यायचं नाही. पूर्वी जन्मल्या जन्मल्या धावपळ करत, आता थांबतात. हे कळल्यावर व्हेंटिलेटरशेजारी नुसतं बसणं जमू लागलं. "गोंजारू नका, हात फक्त टेकवून ठेवा," हेही तुम्हीच शिकवलंत.

लिव्हर खाली आणून पडदा शिवला, हे तुम्हाला ठाऊकच आहे. आता वजन हळूहळू भरतंय, दूध मात्र अजून उलटतं. तपासणीला येतो तेव्हा नेमकी तुमची ड्यूटी नसते. दिवसपाळी कधी आहे तेवढं काउंटरवर सांगून ठेवा. आईनं तुमच्यासाठी डिंकाचे लाडू करायचं ठरवलंय, आणि ती कुणाचं ऐकत नाही.

लेकीचा बाबा