माहिती असूनही दिवस जातात तेव्हा

चि. मुक्ता हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र सावकाश वाचले. गर्भवतींच्या तपासणी विभागात तुझी पहिली नेमणूक झाली याचा आनंद आहेच, पण पत्रातल्या एका वाक्यावर मी अडले. तू लिहितेस की, वीस वर्षांच्या आतल्या मुलींची नोंद करताना ‘गर्भनिरोधक साधनांची माहिती आहे का’ या प्रश्नाला बहुतेक जणी ‘होय’ म्हणतात, ‘वापरले होते का’ या पुढच्या प्रश्नाला मात्र ‘नाही’ असे उत्तर येते, आणि त्यावरून या मुलींना माहिती पुरेशी आहे, जबाबदारीची जाणीव तेवढी नाही, असे तुला वाटू लागले आहे. माझी उमेदीची सारी वर्षे याच कामात गेली, तेव्हा स्पष्टच लिहिते की हा निष्कर्ष मला मान्य नाही. ते पहिले ‘होय’च मुळात कच्चे असते.

कंडोम, गोळी, तांबी ही नावे कधी कानांवरच पडली नाहीत अशी मुलगी आता क्वचित भेटते. परंतु नाव ऐकलेले असणे आणि साधन कधी, कसे, किती दिवस वापरायचे हे ठाऊक असणे यांत मोठे अंतर असते, आणि ते होय-नाहीच्या रकान्यात उतरत नाही. त्याऐवजी एखादीला विचारून पाहा की, महिन्यातल्या कोणत्या दिवसांत दिवस राहण्याची शक्यता सर्वांत जास्त असते. काही जणी सांगतील, पाळी चालू असताना. काही ठामपणे सांगतील की चौदाव्या दिवशी, एरवी मुळीच नाही. वस्तुस्थिती अशी की, स्त्रीबीज बीजकोशातून सुटल्यावर जेमतेम एक दिवस टिकते, पण शुक्राणू स्त्रीच्या शरीरात ५ दिवसांपर्यंत तग धरू शकतात. म्हणून जोखमीचे दिवस साधारण ६ असतात आणि त्यातले ५ बीज सुटण्याच्या आधीचे असतात. शिवाय बीज सुटते ते पुढच्या पाळीच्या सुमारे १४ दिवस आधी, म्हणजे हा हिशेब उलट्या बाजूने करावा लागतो, आणि पुढची पाळी कधी येणार हेच सांगता येत नसेल तर तो करता येत नाही. पाळी सुरू झाल्यानंतरची पहिली काही वर्षे ती मागेपुढे होणे अगदी स्वाभाविक असते. ‘सुरक्षित दिवसां’वर भरवसा ठेवण्यासाठी याहून अयोग्य वय शोधून सापडणार नाही, आणि नेमक्या याच वयाच्या मुली त्या दिवसांवर विसंबतात.

गोळीची कथा वेगळी आहे. एका मुलीने मला पर्समधून गोळ्यांचे पाकीट काढून दाखवले होते. आपण गोळी घेत असूनही दिवस गेले, तेव्हा गोळीतच काहीतरी खोट असली पाहिजे, अशी तिची तक्रार होती. पाकिटावरच्या बाणांच्या क्रमाने गोळ्या संपलेल्या नव्हत्या. वरच्या ओळीतल्या दोन फोडलेल्या, मग मधली मोकळी जागा सोडून तिसऱ्या ओळीतली एक. ज्या दिवशी संबंध आला त्या दिवशी तिने गोळी घेतली होती. तिने आळस केला नव्हता, विसरली तर मुळीच नव्हती; तिला जेवढे सांगितले गेले तेवढे तिने इमानेइतबारे पाळले होते. गोळी रोज, ठरल्या वेळी, संबंध येवो वा न येवो, घ्यायची असते हे मैत्रिणीने सांगितले नव्हते आणि दुसऱ्या कोणाला विचारण्याची सोय नव्हती. आता तुझ्या नोंदीत अशा मुलीचे ‘होय, माहिती आहे, होय, वापरले’ असे उत्तर आले असते, आणि ते कोणाच्याच उपयोगी पडले नसते.

साधनांच्या यशाचे आकडे सांगताना आपण हीच गफलत करतो. काटेकोर वापर झाल्यास गोळीने वर्षभरात १०० स्त्रियांमागे एकीहूनही कमी जणींना दिवस जातात, पण रोजच्या जगण्यातल्या, विसरण्या-राहण्यासकटच्या वापरात ही संख्या ७ च्या आसपास जाते. कंडोमच्या बाबतीत २ च्या जागी १३ येतात, आणि वीर्यपतनाआधी बाजूला होण्याच्या पद्धतीत सुमारे २०. काहीच न वापरल्यास १०० पैकी ८५ जणींना वर्षात दिवस राहतात. हे आकडे सर्व वयांच्या स्त्रियांचे आहेत; कोवळ्या वयात अपयश याहून अधिकच येते. कंडोम अर्ध्यावर चढवणे, त्यावर तेल किंवा व्हॅसलिन लावणे, महिनोन्महिने पाकिटात चेपलेला काढून वापरणे, या गोष्टी मुलगी आपणहून सांगत नाही. तिला त्या चुका वाटतच नसतात.

न वापरण्याची कारणे मात्र तू स्वतः ऐकावीस. अमेरिकेच्या रोग नियंत्रण व प्रतिबंध केंद्रांनी २०१२ साली एक पाहणी प्रसिद्ध केली होती. ठरवलेले नसताना दिवस गेलेल्या आणि पुढे बाळंत झालेल्या १५ ते १९ वर्षांच्या मुलींची ती होती. त्यांतल्या निम्म्या जणींनी कोणतेच साधन वापरले नव्हते. या निम्म्यांपैकी ३१ टक्के जणींना त्या वेळी आपल्याला दिवस जाऊ शकतात असे वाटलेच नव्हते, २४ टक्के जणींच्या जोडीदाराला साधन नको होते, १३ टक्के जणींना ते मिळवणे अवघड गेले होते आणि ९ टक्के जणींना दुष्परिणामांची धास्ती होती. सर्वांत मोठे कारण माहितीतलीच उणीव आहे, हे ध्यानात घे. काही जणींना दिवस गेले असते तरी चालणार होते, हेही त्या पाहणीत आले आहे, आणि असे उत्तर आले तर भुवया उंचावू नकोस.

जोडीदाराच्या नकाराबद्दल थोडे अधिक लिहिते. गोळी लपवून घेता येते, कंडोम लपवता येत नाही. त्यासाठी दुसऱ्याची तयारी लागते, आणि जोडीदार वयाने मोठा असेल, त्याच्या मर्जीवर तिचे सारे अवलंबून असेल, तर तिच्या ज्ञानाला तिथे काही किंमत उरत नाही. म्हणून प्रत्येक मुलीशी थोडा वेळ तरी एकटीशी बोल. सोबत आलेले माणूस कितीही प्रेमळ दिसले तरी त्याला बाहेर बसायला सांग. तिच्यावर बळजबरी झाली असेल, तर साधन का वापरले नाही हा प्रश्न विचारणेच अन्यायाचे आहे. तिथे आधी तिच्या सुरक्षिततेचे पाहायचे, तिथला कायदा सांगेल त्याप्रमाणे वरिष्ठांना कळवायचे, आणि ते कळवावे लागेल हे तिला बोलण्याआधीच सांगून ठेवायचे.

तातडीच्या गोळीबद्दल मुली क्वचितच विचारतात, पण मनात तीच असते. लेव्होनॉर्जेस्ट्रेलची गोळी संबंधानंतर ७२ तासांच्या आत, आणि जितकी लवकर तितकी बरी. युलिप्रिस्टलची १२० तासांपर्यंत चालते. दोन्ही मुख्यतः बीज सुटणे पुढे ढकलतात, रुजलेला गर्भ पाडत नाहीत. पाळी चुकल्यावर घाबरून ही गोळी घेतलेली मुलगी पुढचे सगळे महिने बाळात व्यंग येईल या भीतीत काढते आणि कोणाजवळ बोलत नाही. तातडीच्या लेव्होनॉर्जेस्ट्रेलमुळे गर्भाला इजा झाल्याचे आढळलेले नाही, हे एक वाक्य तू न विचारता सांगितलेस, तर तिचा चेहरा कसा मोकळा होतो ते पाहशीलच.

आता ज्यासाठी एवढे लिहायला बसले ते. गर्भवती मुलीशी संततिनियमनाबद्दल बोलणे म्हणजे वरातीमागून घोडे, असे तुझ्या एका सहकारी बाईंचे म्हणणे तू कळवलेस. मला याच्या नेमके उलट वाटते. ती एरवी दवाखान्याची पायरी चढली नसती; आता महिन्या-दोन महिन्यांनी ती आपल्यासमोर येते, आणि बाळंतपणानंतर रात्रंदिवस जागरणे सुरू झाली की परत येईलच याची खात्री नसते. बाळ अंगावर पीत नसेल, तर बाळंतपणानंतर चौथ्या आठवड्यातही बीज सुटू शकते, म्हणजे पाळी परत येण्याची वाट पाहत बसलेल्या मुलीला ती न येताच पुन्हा दिवस जाऊ शकतात. अंगावरच्या दुधाचे संरक्षण खरे आहे, पण त्याच्या तीन अटी आहेत: बाळ ६ महिन्यांच्या आतले हवे, पाळी परत आलेली नसावी, आणि बाळाला दिवसरात्र अंगावरच्या दुधाखेरीज काही दिले जात नसावे. यातली एक जरी मोडली तरी ते संरक्षण संपले. दोन बाळंतपणांच्या मध्ये शरीराला उसंत मिळावी म्हणून जागतिक आरोग्य संघटना बाळंतपणापासून पुढचे दिवस राहीपर्यंत किमान २४ महिने जाऊ द्यावेत असे सांगते, आणि या वयात ती उसंत अधिकच गरजेची असते.

वय लहान आहे एवढ्याच कारणाने कोणतेही तात्पुरते साधन नाकारता येत नाही, ही त्याच संघटनेची भूमिका आहे. तरीही ‘एवढ्याशा पोरीला तांबी कशाला’ असे म्हणणारी माणसे दवाखान्यातच भेटतात. तांबी बाळंतपणानंतर ४८ तासांत बसवता येते, ती वेळ हुकली तर ४ आठवड्यांनंतर. दंडाच्या त्वचेखाली बसवायची बारीक कांडी आणि केवळ प्रोजेस्टिन या एकाच संप्रेरकाची गोळी स्तनपान चालू असतानाही घेता येते. इस्ट्रोजेन हे दुसरे संप्रेरकही असलेली नेहमीची गोळी मात्र अंगावर पाजणाऱ्या आईला पहिले ६ आठवडे देऊ नये आणि ६ महिन्यांपर्यंत शक्यतो टाळावी. कंडोमची गरज तांबी बसवल्यावरही संपत नाही, आणि गर्भारपणातही असते, कारण सिफिलिस आणि एचआयव्ही आईकडून बाळाकडे जातात.

हे सारे एका भेटीत सांगू नकोस, डोक्यावरून जाईल. सातव्या महिन्यापर्यंत तिच्याशी दोन-तीनदा बोल, साधने तिच्या हातात दे, आणि तिने काय ठरवले ते तिच्याच तोंडून ऐक. तिने काहीच नको म्हटले तरी तो तिचा निर्णय आहे. ठरले की केसपेपरच्या पहिल्याच पानावर ठळक लिहून ठेव, कारण ती बहुधा रात्री-अपरात्री बाळंत होईल, तू कामावर नसशील, आणि तांबीचे ते ४८ तास कोणाच्या लक्षात येण्याआधीच निघून जातील.

तुझी,
आई