तात्यांच्या कागदावर सही हवी आहे: माननीय संरक्षणमंत्र्यांना खुलं पत्र

प्रति,
माननीय संरक्षणमंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

साहेब, स. न. वि. वि.

पत्र मराठीत लिहितोय, कारण ज्यांच्यासाठी लिहितोय ती माणसं मराठीत वाचतात. हिंदी प्रत टपालानं वेगळी पाठवली आहे.

मी बेळगावचा. घर टिळकवाडीत, मूळ गाव खानापूर तालुक्यात. आमच्या भागात पोरगं बारावीला गेलं की पाव्हणेरावळे एकच विचारतात, "भरतीला उतरणार न्हवं?" पहाटे गावाबाहेरच्या रस्त्यावर पळणारी पोरं दिसली नाहीत तर पाऊस असणार असं समजायचं. मराठा लाइट इन्फंट्रीचं रेजिमेंटल सेंटर आमच्या गावात, आणि रेजिमेंटचा इतिहास 1768 पर्यंत मागे जातो. कुणाचा आजा, कुणाचा चुलता, कुणाचा भाऊ पलटणीत असतोच. म्हणजे पेन्शनीवर आलेली माणसंही इथं गल्लोगल्ली आहेत. हे पत्र त्यांच्याबद्दल आहे.

आधी माझं सांगतो. मी शॉर्ट सर्व्हिसचा, म्हणजे ठरावीक वर्षांपुरता घेतलेला अधिकारी. दहा वर्षं पायदळात काढली, मेजर असताना बाहेर पडलो. निघताना संरक्षण मंत्रालयाच्या, माजी सैनिकांसाठीच्या पुनर्वसन महासंचालनालयाच्या योजनेतून आयआयएममधला 24 आठवड्यांचा व्यवस्थापन अभ्यासक्रम केला. फीचे 60 टक्के सरकारनं भरले, 40 टक्के मी. त्याबद्दल तक्रार नाही, उलट आभारच आहेत. त्या सहा महिन्यांनी मला ताळेबंद वाचायला शिकवलं आणि मुंबईतल्या एका मॅनेजमेंट कन्सल्टिंग कंपनीच्या, म्हणजे दुसऱ्या कंपन्यांना कारभाराचा सल्ला देणाऱ्या कंपनीच्या, मुलाखतीपर्यंत नेलं.

मुलाखत घेणारा माझ्यापेक्षा आठ वर्षांनी लहान. त्यानं केस टाकली: एका सिमेंट कंपनीचा नफा तीन वर्षं घसरतोय, कारण शोधा. मला घाम फुटला. सिमेंट मी बंकर बांधण्यापुरतंच पाहिलेलं. मग हाताच्या सवयीनं कागदावर लिहीत गेलो: उद्दिष्ट, घटक, समोरचे पर्याय, निवडलेला पर्याय. फौजेत याला 'अप्रिसिएशन' म्हणतात, कोवळ्या लेफ्टनंटलाही ते घोटून घोटून शिकवतात. त्यातला खरा कस घटकांखाली लागतो. 'नाला उत्तरेला आहे' एवढंच लिहून भागत नाही, त्याचा आपल्या हल्ल्यावर परिणाम काय, ते लिहावं लागतं. नाही लिहिलं तर इन्स्ट्रक्टर लाल पेनानं बाजूला लिहितो, 'सो व्हॉट?' नोकरी लागल्यावर माझ्या पहिल्याच स्लाइडवर मॅनेजरनं तेच दोन शब्द लिहिले, तेव्हा मला हसू आवरेना. त्याला कारण सांगत बसलो नाही.

पण मुलाखतीत त्या मुलानं केसनंतर जो प्रश्न विचारला, तो केसपेक्षा अवघड होता. म्हणाला, "तुमच्या एकशेवीस माणसांना तुमचा हुकूम मोडता येत नव्हता. आमचा क्लायंट रोज मोडतो. मग काय करणार?" मी काहीतरी बोललो, आणि का कोण जाणे, निवडलाही गेलो. खरं उत्तर मात्र पुढच्या सहा महिन्यांत मिळालं. पहिल्याच प्रोजेक्टवर एका कारखान्याच्या प्रमुखाला मी ओ-ग्रुपमध्ये, म्हणजे हाताखालच्यांना हुकूम सांगायच्या बैठकीत, ऑर्डर द्यावी तसं सगळं मुद्देसूद सांगितलं. तो "हो सर, बरोबर सर" म्हणाला आणि त्यानं काडीसुद्धा हलवली नाही. फौजी माणूस सिव्हिलमध्ये कुठं अडतो, ते या एका प्रसंगात आलं. सिव्हिलमध्ये खांद्यावर फुलं नसतात. पंचविशीतला मॅनेजर आपल्या स्लाइडवरचा फॉन्ट बदलायला लावतो आणि आपण बदलतो. ज्याला हे जमत नाही त्यानं या वाटेला जाऊ नये, असं मी नव्या मुलांना स्पष्ट सांगतो.

फौज आणि हा व्यवसाय यांचं नातं काही मी जुळवलेलं नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी हवाई दलाच्या आकडेवारी विभागात काम केलेले दहा अधिकारी 1946 साली एकत्रच फोर्ड मोटर कंपनीत गेले आणि त्यांनी त्या कंपनीचा विस्कटलेला हिशोब ताळ्यावर आणला. त्यांतले रॉबर्ट मॅकनामारा पुढे फोर्डचे अध्यक्ष झाले आणि 1961 मध्ये अमेरिकेचे संरक्षणमंत्री. (त्याच मॅकनामारांनी व्हिएतनामचं युद्धही आकड्यांत मोजायला घेतलं आणि त्याचं काय झालं ते आपण जाणताच. आकड्यांचा हा दोष माझ्या धंद्यात आजही आहे.) मुद्दा असा, की अधिकाऱ्याला ही वाट सापडते. इंग्रजी येतं, संस्थेचं नाव पाठीशी असतं, बॅचमेट ओळख काढून देतात. वाट सापडत नाही ती तात्यांना.

तात्या म्हणजे आमच्या शेजारच्या गावचे, माझ्याच पलटणीतले. लडाखला मी कंपनी कमांडर होतो तेव्हा ते कंपनी क्वार्टर मास्टर हवालदार होते, म्हणजे कंपनीचा साठा आणि रसद बघणारे. खिंड बर्फानं बंद व्हायच्या आत अख्ख्या हिवाळ्याचा साठा वर पोचवायचा असतो. 120 माणसं, 180 दिवस, म्हणजे 21,600 माणूस-दिवसांचं पीठ, डाळ, डबाबंद भाजी, रॉकेल, बॅटऱ्या, औषधं. वर न्यायला खेचरं आणि हमाल, हवामान कधी फिरेल याचा नेम नाही, आणि चूक झाली तर फेब्रुवारीत दुरुस्त करायला कुणी येत नाही. तात्यांनी हे सगळं एका फुलस्केप वहीत बसवलं. रॉकेल एकाच बंकरात ठेवू दिलं नाही, तीन ठिकाणी वाटलं. मी विचारलं तर म्हणाले, "साहेब, आग लागली न्हाईतर कडा कोसळला, तर सगळं एकदम जायला नको." नवंबरात लागणारा माल पुढं, मार्चचा मागं, म्हणून शेवटचा वापरायचा माल आधी वर पाठवला. पुढे आयआयएममध्ये साठा व्यवस्थापनाचा तास सुरू झाला तेव्हा मला पहिल्यांदा कळलं, की तात्यांच्या वहीतल्या प्रत्येक रकान्याला इंग्रजीत नाव आहे.

तात्या 26 वर्षं नोकरी करून नायब सुभेदार म्हणून पेन्शनीवर आले. वय 46. मी बेळगावला परतून छोट्या कारखान्यांसाठी स्वतःचं सल्ल्याचं काम सुरू केलं, तेव्हा ते एका अपार्टमेंटच्या फाटकावर रात्रपाळी करत होते. येणाऱ्या गाडीचा नंबर वहीत लिहायचा. वही इथंही होतीच म्हणा.

साहेब, फाटकावर उभं राहण्यात कमीपणा आहे असं मी म्हणत नाही. पण 46 व्या वर्षी तात्यांच्या समोर दुसरं काय ठेवलं होतं? केंद्रात गट 'क' मध्ये 10 टक्के राखीव जागा, गट 'ड' मध्ये 20 टक्के. 15 वर्षं सेवा झालेल्या दहावी पास जवानाला पदवीच्या बरोबरीचं प्रमाणपत्र मिळतं, ते गट 'क' च्या नोकरीपुरतं. आणि माजी सैनिकांच्या सुरक्षा एजन्सीज, ज्यांना महासंचालनालय सरकारी उपक्रमांची कामं मिळवून देतं. जवानांसाठी मोफत अभ्यासक्रम आहेत, हे मला माहीत आहे. पण नामांकित संस्थांतले 24 आठवड्यांचे व्यवस्थापन अभ्यासक्रम अधिकाऱ्यांसाठी. खांद्यावर काय होतं यावरून वाट ठरते, वहीत काय होतं ते कुणी उघडून बघत नाही.

सीमाभागात यात आणखी एक गाठ आहे. इथल्या सरकारी नोकरीला कन्नड लागतं, पलीकडे महाराष्ट्रातल्या नोकरीला अधिवास लागतो, आणि सीमाभागातल्या ज्या 865 गावांवर महाराष्ट्राचा दावा आहे त्यांच्यासाठी महाराष्ट्रानं जी सवलत ठेवली आहे तिचे कागद गोळा करता करता वय निघून जातं. सीमाप्रश्न 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, तो या पत्रात आणत नाही. उलट एक सांगतो. सल्ल्याच्या धंद्यात आमचं हे दोन भाषांत वाढणं कामी येतं.

उद्यमबागेतल्या एका ओतकामाच्या कारखान्याचं काम माझ्याकडे आलं. मालकाचं म्हणणं, ऑर्डर भरपूर आहेत पण माल वेळेवर निघत नाही, नवं मोल्डिंग मशीन घ्यावं का? मी दोन दिवस आकडे घेत बसलो. तिसऱ्या दिवशी तात्यांना म्हटलं, चला, नुसतं बघून या. ते सकाळच्या शिफ्टला गेले, कामगारांबरोबर चहा प्यायले, कुणाशी कन्नडमध्ये, कुणाशी मराठीत बोलले, आणि संध्याकाळी मला म्हणाले, "मशीन कशाला? पोरं अर्धा दिवस पॅटर्न शोधत फिरत्यात." लाकडी पॅटर्न, म्हणजे ज्यांच्यावरून ओतायचा साचा घेतात ते नमुने, कुठंही पडलेले, एकावर एक, काही पत्र्याच्या शेडबाहेर पावसात. तात्या मालकाला म्हणाले, "कोतातली रायफल सापडत न्हाई, असं कधी झालंय व्हय?"

कोत म्हणजे पलटणीचं शस्त्रागार, हे मालकाला मला समजावून सांगावं लागलं. प्रत्येक हत्याराला नंबर, प्रत्येक नंबराला जागा, बाहेर गेलं की सही, संध्याकाळी मोजणी. मोजणी जुळेपर्यंत कुणी जेवायला जात नाही. तात्यांनी तोच नियम पॅटर्नना लावला. रंगानं नंबर टाकले, रॅक बांधून घेतले, रजिस्टर घातलं. पहिले पंधरा दिवस कामगार वैतागले. मी हुकूम दिला असता तर त्यांनी "हो सर" म्हणून सोडून दिलं असतं. तात्या रोज संध्याकाळी त्यांच्याबरोबर उभे राहून स्वतः मोजत होते. महिन्याभरानं पॅटर्न शोधायला माणूस पाठवणं बंद झालं आणि मशीनचा विषय मालकानंच सोडला. बिल माझ्या नावानं गेलं, कारण तात्यांच्या नावापुढे लिहायला काही नव्हतं. हे मला अजून खुपतं.

म्हणून मागणी सांगतो. जवान निघताना त्याला डिस्चार्ज बुक मिळतं. त्यात हुद्दा असतो, ट्रेड असतो, पदकं असतात, चारित्र्याचा शेरा असतो. त्याच्यासोबत एक पान द्या. साध्या भाषेत, हिंदीत आणि इंग्रजीत: या माणसानं किती माणसं सांभाळली, किती साठ्याची जबाबदारी घेतली, कुठल्या परिस्थितीत, आणि काय सुधारलं. खाली कमांडिंग ऑफिसरची सही. गोपनीय काही लिहावं लागत नाही, ठिकाणाचं नावसुद्धा नको. खर्च कागदाचा आणि कमांडिंग ऑफिसरच्या अर्ध्या तासाचा. मी आज कुणाला कामावर घेताना त्या एका पानासाठी तीन पानी बायोडेटा बाजूला ठेवीन.

व्यवस्थापन अभ्यासक्रमांत काही जागा जेसीओंना (नायब सुभेदार, सुभेदार वगैरे) आणि ज्येष्ठ हवालदारांना परीक्षा घेऊन द्या. इंग्रजीचं कारण सांगू नका, सहा महिन्यांत तेवढं इंग्रजी येतं. क्वार्टर मास्टरची वही सहा महिन्यांत येत नाही.

आणि एक गोष्ट तर आपल्याच हातात आहे. सरकारची मंत्रालयं आणि राज्यं कन्सल्टिंग कंपन्यांना निविदा काढून कामं देतात, त्यांच्या टीम महिनोन्महिने सरकारी इमारतींत बसलेल्या असतात. साठा, वाहतूक, आपत्ती व्यवस्थापन अशा कामांच्या निविदेत एक अट घाला, की टीममध्ये माजी सैनिक हवा, आणि तो अधिकारीच असला पाहिजे असं नाही. कंपन्या कुरकुर करतील. मी त्यांच्यात राहिलोय, निविदेत लिहिलं की त्या बरोबर माणूस शोधून काढतात.

घाई का, तेही लिहितो. जवानांना चार वर्षांसाठी भरती करणारी अग्निपथ योजना जून 2022 मध्ये जाहीर झाली. पहिल्या तुकड्यांची चार वर्षं 2026 च्या अखेरीपासून पुढच्या काही महिन्यांत भरतात. चारांतला एक आत राहील, तिघे सेवा निधीचे, म्हणजे निघताना एकरकमी मिळणारे, साधारण 11.71 लाख घेऊन घरी येतील. वय बाविशी-पंचविशीचं. त्यांच्यासाठी इग्नूच्या पदवीत 50 टक्के श्रेयांक सेवेतल्या प्रशिक्षणाचे धरायचं ठरलं, हे चांगलं झालं. पण खानापूरच्या त्या पोराला फाटक, बँकेतली बंदूक आणि पुन्हा भरती यापलीकडे काही असतं, हे सांगणारा त्याला कोण भेटणार? तात्यांसारखा माणूस भेटला तर त्याला पटेल. माझ्यासारखा इंग्रजी बोलणारा मेजर भेटला तर तो सॅल्यूट ठोकून निघून जाईल.

गेल्या महिन्यात मी ते एक पान तात्यांसाठी स्वतः लिहिलं. 21,600 माणूस-दिवस, तीन ठिकाणी वाटलेलं रॉकेल, हिवाळाभर एकदाही न तुटलेला पुरवठा. तात्यांनी दोनदा वाचलं. मग म्हणाले, "साहेब, रॉकेलचे डबे तेरा गळके निघाले हुते, त्ये बी लिवा." लिहिलं. पान या पत्राला जोडलं आहे. मी आता फौजेत नसल्यानं माझी सही चालत नाही, म्हणून खालची जागा मोकळी ठेवली आहे.

आपला,
एक माजी मेजर, मराठा लाइट इन्फंट्री
टिळकवाडी, बेळगाव