प्रयोगशाळेतल्या कपाटाचं कुलूप काढा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा आला की आपल्या दैनिकात विज्ञान दिनाच्या बातम्या दिसू लागतात. सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी २८ फेब्रुवारी १९२८ रोजी आपला शोध जाहीर केला, त्याची आठवण म्हणून १९८७ पासून हा दिवस देशभर साजरा होतो. फोटोंत रांगोळ्या, प्रमुख पाहुणे, टेबलावर मांडलेल्या प्रतिकृती आणि त्यांच्यामागे ताठ उभी राहिलेली मुलं असतात. ते बघून बरं वाटतं. पण त्याच शाळांच्या प्रयोगशाळेतली कपाटं एरवी किती वेळा उघडतात, हे कोणी विचारत नाही. मी बार्शी तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत २९ वर्षं प्रयोगशाळा सहायक होतो. तिथल्या कपाटांच्या किल्ल्या माझ्याकडे असायच्या, म्हणून हे पत्र.

शाळांत प्रयोग का होत नाहीत असं विचारलं की साहित्य नाही, जागा नाही, शिक्षकांना वेळ नाही, अशी उत्तरं मिळतात. ती खोटी नाहीत. पण आमच्याकडे साहित्य होतं. चंचुपात्रं होती, परीक्षानळ्या होत्या, भिंगं, चुंबकसूची, स्पिरिटचे दिवे, दोन सूक्ष्मदर्शक, झालंच तर वायू तयार करायचं एक किप्सचं उपकरणही होतं. हे सगळं कपाटात राहायचं ते डेडस्टॉकच्या वहीमुळे.

ज्यांना शाळेचा कारभार माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. शाळेच्या मालकीची खुर्ची, टेबल, घंटा, नकाशा, सगळं डेडस्टॉक रजिस्टरला चढवलेलं असतं. आमच्याकडे काचसामानही त्याच वहीत होतं. वर्षअखेरीला मोजदाद व्हायची. वहीत परीक्षानळ्या ४८ आणि कपाटात ४१ असल्या, तर उरलेल्या सात गेल्या कुठे याचा जबाब द्यावा लागायचा. फुटलेली वस्तू वहीतून कमी करायची तर निर्लेखनाचा प्रस्ताव, मग समिती, ठराव, मंजुरी. तोवर काचेचे तुकडे जपून ठेवायचे, कोणी तपासायला आलं तर दाखवता यावेत म्हणून. असं तुकड्यांचं खोकं मी चार वर्षं सांभाळलेलं आहे.

माझ्या नोकरीच्या दुसऱ्या वर्षी आठवीतल्या एका मुलाच्या हातून मोजपात्र पडलं. पोरगं पांढरंफटक पडलं होतं. सर त्याला एका शब्दाने बोलले नाहीत, उलट पायाला काच लागली का ते आधी पाहिलं. पण मोजदादीच्या वेळी त्याच सरांना कार्यालयात उभं राहून खुलासा लिहून द्यावा लागला आणि पैसे खिशातून भरावे लागले. फार हौसेने शिकवणारा माणूस. त्यानंतर त्यांनी मुलांच्या हातात काच देणं सोडलं. प्रयोग स्वतः टेबलावर करून दाखवायचे आणि साठ मुलं मागच्या बाकांवरून माना उंचावून बघायची. पुढे पुढे तेही थांबलं, फळ्यावरची आकृती तेवढी राहिली. मला त्यांना दोष देववत नाही. ज्या वहीत फुटलेल्या काचेला जागा नाही, ती वही ज्याच्या सहीने चालते त्याने दुसरं काय करायचं?

याचा परिणाम कुठवर जातो, ते सांगतो. दहावीला बहिर्गोल भिंगाचं नाभीय अंतर काढायचा प्रयोग असतो. याला खर्च काहीच नाही. भिंग, पट्टी आणि एक पांढरा कागद. खिडकीबाहेरचं लिंबाचं झाड भिंगातून कागदावर उलटं उमटतं. भिंग मागेपुढे करून पानं स्पष्ट दिसली की भिंगापासून कागदापर्यंत मोजायचं. एका वर्षी जर्नलांचे गठ्ठे बांधताना सहज उघडून पाहिलं, तर ५२ वह्यांत तीनही निरीक्षणं तीच, १०.१, १०.० आणि १०.२. सरासरी १०.१. आमच्या कपाटातली भिंगं मात्र १५ सेंटिमीटरची होती. म्हणजे ५२ मुलांपैकी एकानेही भिंग हातात घेतलेलं नव्हतं. आकडे मागच्या वर्षीच्या जर्नलातून आले होते, त्यात ते त्याच्या मागच्या वर्षीच्या जर्नलातून. ज्या विषयाचा सगळा भर स्वतः बघून, मोजून लिहिण्यावर, त्याच विषयाच्या वहीत आपण मुलांना न बघता निरीक्षण लिहायला शिकवतो. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

उलट अनुभवही माझ्याच प्रयोगशाळेतला आहे. पावसाळ्याचे दिवस होते, सर रजेवर होते आणि नववीचा तास मोकळा होता. मुख्याध्यापकांना विचारून मी सूक्ष्मदर्शक बाहेर काढला. भिंगावर बुरशीचे ठिपके आले होते, ते धोतराच्या मऊ चिंधीने पुसले. कांद्याचा पापुद्रा काढला, त्यावर आयोडीनचा थेंब टाकला आणि मुलांची रांग लावली. प्रत्येक जण बघायचा, ‘भारी दिसतंय’ म्हणायचा आणि पुढे व्हायचा. एक मुलगा मात्र हलेना. त्याचे वडील गवंडीकाम करायचे, सुट्टीत हाही त्यांच्या हाताखाली असायचा. तो म्हणाला, “मामा, हे तर बांधकाम आहे. सांध्यावर सांधा येऊ दिलेला नाही कुठं.” मी तो पापुद्रा त्याआधी कितीदा पाहिला असेल, पण हे माझ्या लक्षात आलेलं नव्हतं. रॉबर्ट हूकने १६६५ मध्ये बुचाचा काप पाहिला तेव्हा त्याला कोठड्या दिसल्या आणि ‘सेल’ हे नाव पडलं. या पोराला विटा दिसल्या. लगेच पुढचा प्रश्न आला, “दोन विटांच्या मधे माल असतो, इथं मधे काय आहे?” मला उत्तर येत नव्हतं. सर रजेवरून आल्यावर त्यांनी सांगितलं, पेशींच्या भिंती एकमेकींना चिकटवून ठेवणारं पेक्टिन असतं, पेरूची जेली घट्ट होते तीही त्याच्यामुळेच. हा प्रश्न आमच्या पुस्तकातल्या स्वाध्यायात नव्हता. कपाट उघडलं म्हणून तो विचारला गेला.

हे मोठ्या प्रमाणावर होऊ शकतं का? झालेलं आहे. शेजारच्या मध्य प्रदेशात होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ मध्ये किशोर भारती आणि रसुलियाचं फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी १६ शाळांत प्रयोगांतून विज्ञान शिकवायला सुरुवात केली. १९७८ पासून ते जिल्हाभर गेलं. सहावी ते आठवीची साधी खेड्यातली मुलं, टोळ्या करून स्वतः प्रयोग करणारी. शाळेला साहित्याची पेटी मिळायची. परीक्षेला पुस्तक आणि वही जवळ ठेवायची मुभा होती आणि प्रयोग करून दाखवायला गुण होते. २००२ मध्ये सरकारने ते बंद केलं, पण त्याआधी तीस वर्षं चाललं, तेही बहुतेक सरकारी शाळांत.

आपल्याकडे शिरूर तालुक्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कालबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. तिथून निघालेल्या अभ्यासक्रमात आठवी ते दहावीची मुलं आठवड्यातला एक दिवस हाताने काम करतात. वेल्डिंग, गवंडीकाम, वायरिंग, शेती, माती-पाण्याची तपासणी. तिथे मूल लोखंडी स्टूल करताना कोन चुकवतं, पुन्हा कापतं, पुन्हा जोडतं. वाया गेलेलं लोखंड हा शिकण्याचाच खर्च आहे, हे गृहीत धरल्याशिवाय असा अभ्यासक्रम चालूच शकत नाही.

मुलांनी शाळेतच यंत्रं हाताळून, वस्तू बनवून बघाव्यात म्हणून नीती आयोगाच्या अटल टिंकरिंग लॅब २०१६ पासून सुरू झाल्या. निवडलेल्या शाळेला २० लाख रुपयांपर्यंत अनुदान, त्यातले १० लाख उभारणीला आणि उरलेले पाच वर्षं चालवायला. चालवण्याचे पैसे वेगळे धरले, ही मला त्या योजनेतली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट वाटते. आणखी ५० हजार लॅब उभारण्याची घोषणा २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात झाली, त्याचंही स्वागतच आहे. पण मानसिकता तीच राहिली तर थ्रीडी प्रिंटरही कपाटातच जाईल. आमच्या भागातल्या एका शाळेत मी तो पाहिला. त्यावर प्लॅस्टिकचं आवरण आणि आवरणावर उद्घाटनाच्या हाराची सुकलेली फुलं होती. मुलांना हात लावू देता का विचारलं, तर उत्तर मिळालं, ‘बिघडला तर जबाबदारी कोणाची?’ आमच्या मोजपात्रासारखीच गोष्ट झाली.

म्हणून शालेय शिक्षण विभागाकडे आपल्या दैनिकामार्फत माझं पहिलं मागणं अगदी लहान आहे. काचसामान, भिंगं, तारा, सेल, रसायनं हे सगळं डेडस्टॉकमधून काढून खपणाऱ्या वस्तूंच्या वहीत घ्यावं आणि वर्षाला त्यातलं वीस टक्के फुटणार, संपणार हे आधीच मान्य करावं. फुटलं तर वहीत तारीख, प्रयोगाचं नाव आणि शिक्षकाची सही, एवढंच. प्रस्ताव नको, खुलासा नको. शंभर मिलिलिटरचं एक चंचुपात्र बाजारातल्या एका गाइडपेक्षा स्वस्त मिळतं. मी तर म्हणेन की वर्षअखेरीला ज्या शाळेचं एकही काचपात्र फुटलेलं नाही, त्या शाळेला खुलासा विचारावा.

दुसरं परीक्षेचं. दहावीला विज्ञानाचे ८० गुण लेखीला आणि २० प्रात्यक्षिकाला आहेत. हे वीस गुण शाळेच्या निकालासाठी वाटून टाकायचे नसतात. प्रयोग चिठ्ठी उचलून मिळावा, बघायला दुसऱ्या शाळेचे शिक्षक असावेत आणि मुलाने खरोखर मोजलं असेल तर त्याचं उत्तर पुस्तकाशी जुळत नसलं तरी पूर्ण गुण द्यावेत. १५ सेंटिमीटरच्या भिंगाला १४.६ लिहिणारा मुलगा १०.१ उतरवून काढणाऱ्यापेक्षा कितीतरी पुढे आहे.

आणि प्रयोगशाळा सहायकाची पदं भरा. साठ मुलांच्या वर्गात एकट्या शिक्षकाने साहित्य मांडायचं, शिकवायचं, लक्ष ठेवायचं आणि नळ्या धुऊनही ठेवायच्या, हे होणारं नाही.

पालकांना ॲसिडची भीती वाटते, ती रास्त आहे. तीव्र आम्लाची बाटली मुलांच्या हातात कधीच देऊ नये. ते सहायकाने आधी सौम्य करून ठेवायचं, तेही पाण्यात आम्ल सोडून, आम्लात पाणी ओतून नव्हे. पण आठवीपर्यंतच्या बहुतेक प्रयोगांना ॲसिड लागतच नाही. हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो, हे आपल्या प्रत्येक घरात माहीत आहे. हळदीचा कागद करून त्यावर लिंबाचा रस, चुन्याची निवळी, सोड्याचं पाणी टाकून बघायला किती पैसे लागतात? आमच्याकडे मुलं डब्यात ज्वारीची भाकरी आणायची. एकदा भाकरीच्या तुकड्यावर आयोडीनचा थेंब टाकला तर तो निळा-काळा झाला. मग त्या दिवशी वर्गाने शेंगदाणा, गूळ, पेरू, खडू, दिसेल त्यावर थेंब टाकून पाहिला. बाटली संपली. सरांनी वहीत ‘संपली’ असं लिहिलं आणि मी दुसरी मागवली. त्यांनी तेवढं लिहिलं याचं मला आजही समाधान आहे.

जूनमध्ये शाळा उघडतील. डेडस्टॉकबद्दलचा आदेश त्याआधी निघाला, तर पहिल्याच आठवड्यात कपाटं उघडता येतील. साहित्य नीट करायला, भिंगं पुसायला आमच्यासारख्या निवृत्तांना कोणी बोलावलं तर मी यायला तयार आहे, आणि माझ्या ओळखीचे आणखी तिघे-चौघेही येतील.

आपला विश्वासू,
एक निवृत्त प्रयोगशाळा सहायक
ता. बार्शी, जि. सोलापूर